माहितीचे अर्थकारण आणि सोयाबीन उत्पादक शेतकरी : निलंगा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन हे उत्पादनाचे चार घटक अर्थशास्त्राचा विद्यार्थी प्रथम वर्षातच शिकतो. एकविसाव्या शतकात डेटा, म्हणजे संगणकावर साठविलेली व प्रक्रियायोग्य माहिती, हा घटकही त्यांच्या पंक्तीत येऊन बसला आहे. त्याची चर्चा बहुधा महानगरांतील मोठ्या कंपन्यांच्या संदर्भात होते. तथापि खरिपात मुख्यतः सोयाबीनवर विसंबून असणाऱ्या निलंगा तालुक्यातही शेतकऱ्याचे उत्पन्न डेटावर अवलंबून राहू लागले आहे. बाजारभाव, पीक नोंदणी आणि पीक विमा या तीन अंगांनी हा बदल स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बाजारभावाची माहिती

विक्रेता व ग्राहक यांच्याजवळील माहिती असमान असेल तर बाजार नीट चालत नाही, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वी औराद शहाजानी किंवा लातूरच्या बाजारात माल नेणाऱ्या शेतकऱ्याला त्या दिवसाचा भाव अडत दुकानात पोहोचल्यावरच कळत असे. माहितीने ही स्थिती बदलते, याचा पुरावा सोयाबीनच्याच बाबतीत उपलब्ध आहे. मध्य प्रदेशात २००० पासून सुरू झालेल्या 'ई-चौपाल' केंद्रांचा अपराजिता गोयल यांनी अभ्यास केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, या केंद्रांमुळे बाजार समित्यांतील सोयाबीनचा भाव सुमारे १ ते ३ टक्क्यांनी वाढला. पुढे १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजार अर्थात 'ई-नाम' सुरू झाला. आज लातूरचा भाव त्याच दिवशी गावातील भ्रमणध्वनीवर दिसतो.

परंतु भाव कळणे आणि भावाचा लाभ घेता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा गाठला. मात्र नवा माल बाजारात येऊ लागताच भाव कोसळला. त्याच वर्षी २० डिसेंबर रोजी सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे व्यवहार स्थगित केले. पुढील भावाचा अंदाज देणारे एक सार्वजनिक साधन त्यामुळे नाहीसे झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलाचे आयात शुल्क वाढविले; तरीही त्या हंगामात बाजारभाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच राहिला. शिकागोचे दर, पामतेलाची आयात व पेंडीची मागणी यांचा एकत्रित अर्थ लावून माल साठविण्याची क्षमता तेल गिरणी वा मोठ्या व्यापाऱ्याकडे असते. उसनवारी फेडण्यासाठी दिवाळीपूर्वीच माल विकणाऱ्या शेतकऱ्याला भाव दिसतो, पण थांबता येत नाही.

नोंद हीच पात्रता

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' लागू झाली. शेतकऱ्याने स्वतः पिकाचे छायाचित्र घेऊन सातबाऱ्यावर पीकपेरा नोंदवावा, अशी ही पद्धती आहे. हमीभाव खरेदीच्या नोंदणीसाठी ही नोंद आधारभूत धरली जाते. २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक करण्यात आला. खरेदी केंद्रावर धान्याचा ओलावा मोजणारे यंत्रही एक आकडाच देते. १२ टक्क्यांची मर्यादा ओलांडली की माल परत जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्के करण्यात आली, यावरून एका आकड्याचे आर्थिक महत्त्व लक्षात यावे.

म्हणजेच पीक शेतात असणे पुरेसे नाही. ते नोंदीत असावे लागते. येथे सर्वाधिक अडचण बटईने शेती करणाऱ्याची होते. श्रम व जोखीम त्याची असते, परंतु सातबारा मालकाच्या नावे असल्याने डेटाच्या दृष्टीने तो शेतकरीच ठरत नाही.

विमा आणि सरासरीचा प्रश्न

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ पासून अमलात आहे. तिच्यात मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीवरून व जोखीमस्तरावरून उंबरठा उत्पादन ठरते. समजा, एखाद्या महसूल मंडळाचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १२ क्विंटल आहे आणि पीक कापणी प्रयोगांतून ९ क्विंटल सरासरी निघाली. तूट २५ टक्के असल्याने विमा संरक्षित रकमेच्या २५ टक्के भरपाई मिळेल. परंतु नदीकाठी ज्याला अवघे ३ क्विंटल झाले त्यालाही २५ टक्केच, आणि माळावर ज्याला ११ क्विंटल झाले त्यालाही तेवढेच. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात भरपाई मुख्यतः कापणी प्रयोगांवर आधारित केल्याने या सरासरीचे वजन आणखी वाढले. पर्जन्यमापकाचेही तसेच आहे. मंडळातील एका ठिकाणचा पाऊस साऱ्या गावांचा मानला जातो. मराठवाड्यातील पाऊस मात्र शिवारागणिक बदलतो.

निष्कर्ष

डेटामुळे मध्यस्थांची मक्तेदारी सैल झाली व शासकीय मदत थेट पोहोचू लागली, हे मान्य करावे लागेल. परंतु डेटा ज्याच्या शेतातून निर्माण होतो, त्याला तो तपासण्याची व दुरुस्त करून घेण्याची संधी नसेल तर जुनी विषमता नव्या स्वरूपात कायम राहते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने व्यक्तीला दुरुस्तीचा हक्क दिला आहे. मात्र मंडळाची सरासरी हा वैयक्तिक डेटा नसल्याने तिची पडताळणी सामाजिक पातळीवरच व्हावी लागेल.

या कामी ग्रामीण महाविद्यालये मोलाची भूमिका बजावू शकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी पीक नोंदणीस साहाय्य करावे, भूगोल विभागाने गावनिहाय पाऊस मोजावा, अर्थशास्त्र व संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कापणी प्रयोगांचे आकडे शेतकऱ्यांच्या प्रत्यक्ष उत्पादनाशी ताडून पाहावेत. अशा दहा वर्षांच्या नोंदी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा झाल्या, तर शासन व विमा कंपनीसमोर आपली बाजू मांडताना निलंग्याच्या शेतकऱ्याजवळ स्वतःचा आकडा असेल.