संतवाणी सर्वांची, ध्वनिमुद्रिका कोणाची?

भाद्रपदाचे वेध लागले की महाराष्ट्रातील घराघरांतून एकच लगबग सुरू होते. मखर झाडून-पुसून उभे राहते, समया लखलखू लागतात, दूर्वा-पत्रीची जुळवाजुळव होते आणि वर्षभर माळ्यावर विसावलेल्या झांजा खाली उतरतात. या पिढीजात तयारीत अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. प्रतिष्ठापनेच्या वेळी कोणते सूर लावावेत, आणि परगावी किंवा परदेशी असलेल्या लेकीसुनांना घरच्या गणपतीचे दर्शन घडावे म्हणून जी चित्रफीत धाडायची, तिला कोणते गीत जोडावे, याचाही विचार आता घरोघरी होतो. आवडीची ध्वनिमुद्रिका हाताशी असते. ती चित्रफितीला जोडली जाते आणि चित्रफीत यूट्यूबवर चढवली जाते.

आणि मग पुष्कळांना एक चमत्कारिक अनुभव येतो. चित्रफितीतील आवाज बंद होतो, किंवा ‘या संगीतावर अमुक कंपनीचा हक्क आहे’ अशी सूचना येते. भाविक मन चक्रावून जाते. आरती समर्थांची, अभंग नामदेवरायांचा. मग हा मालक आला कोठून? देवाच्या गाण्यालाही कुंपण असते काय?

हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही वाटते तितके कठोर नाही. ते समजून घेतले तर उत्सवात अकारण विघ्न येणार नाही आणि कोणा कलावंताच्या कष्टांचा अपहारही आपल्या हातून घडणार नाही. दुसऱ्याच्या अंगणातील जास्वंद देवासाठी तोडायची झाली तरी आधी विचारून तोडावी, अशी शिकवण आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी दिलेली आहे. सुरांच्या बाबतीतही आम्हांस तोच न्याय योग्य वाटतो. मात्र कोणते फूल दुसऱ्याच्या अंगणातले आणि कोणते रानातले, हे आधी ओळखता आले पाहिजे.

एका गीताचे तीन धागे

कानावर पडणारे भक्तिगीत आपल्याला एकसंध वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यात तीन निराळे धागे असतात. पहिला शब्दांचा, दुसरा चालीचा आणि तिसरा ध्वनिमुद्रणाचा. या तिन्हींवरचे हक्क निरनिराळ्यांचे असू शकतात आणि त्यांच्या मुदतीही निरनिराळ्या वेळी संपतात.

आपल्या देशात या विषयाचे नियमन १९५७ चा कॉपीराइट कायदा करतो. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या निधनाच्या वर्षानंतर ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांच्या निधनाला १९९१ साली ५० वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने ती १० वर्षांनी वाढविण्यात आली. ध्वनिमुद्रणाची मुदत गायकाच्या आयुष्याशी बांधलेली नाही. मुद्रिका ज्या वर्षी प्रसिद्ध झाली, त्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे तिच्यावर हक्क राहतो. १९६४ साली प्रथम प्रसिद्ध झालेली मुद्रिका ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत हक्काखाली होती आणि १ जानेवारी २०२५ पासून मोकळी झाली. हा हिशेब एकदा ध्यानात ठेवला की निम्मे काम झाले.

आता आपल्या माजघरातली उदाहरणे घेऊ. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम, रामदास यांच्या शब्दांवर आज कोणाचाही मालकी हक्क नाही. तो ठेवा सर्व समाजाचा आहे. पण नामदेवांच्या विठ्ठलनामाच्या ज्या अभंगाने पंडित भीमसेन जोशी यांचा स्वर घरोघरी पोहोचला, त्याची चाल राम फाटक यांची आहे. फाटकांचे निधन २००२ साली झाले. म्हणजे शब्द सातशे वर्षांचे आणि मोकळे, चाल मात्र अजून हक्काखाली, आणि ध्वनिमुद्रणाचा हिशेब त्याहून निराळा. तो अभंग आपण स्वतःच्या साध्या, पारंपरिक चालीत म्हटला तर कोणाचे काही देणे लागत नाही. तीच मुद्रिका उचलून चित्रफितीला जोडली तर मात्र दुसऱ्याच्या मिळकतीला हात लागतो.

गीतरामायणाचे उदाहरण याहून बोलके आहे. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये वर्षभर ही ५६ गीते प्रसारित झाली आणि रामकथा मराठी घरांत नव्याने नांदू लागली. कथा वाल्मीकींची, म्हणून ती सर्वांची. परंतु गीते ग. दि. माडगूळकरांची आहेत, त्यांचे निधन १९७७ साली झाले. चाली सुधीर फडके यांच्या आहेत. ते २००२ साली निवर्तले. त्यामुळे शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि चालींवरील हक्क २०६२ अखेरपर्यंत राहणार. रामनवमीच्या कार्यक्रमाची चित्रफीत प्रसिद्ध करू इच्छिणाऱ्या मंडळींनी ‘रामाचे गाणे, त्याला परवानगी कसली?’ असे म्हणून चालणार नाही.

पूजेला कायद्याची आडकाठी नाही

मग घरच्या पूजेत अशा मुद्रिका लावूच नयेत काय? तसे मुळीच नाही. कायदा करणाऱ्यांनी भाविकांचा विचार केलेला आहे. याच कायद्याच्या ५२व्या कलमात एक तरतूद आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गीत गाणे, वाद्य वाजवणे किंवा ध्वनिमुद्रिका लोकांना ऐकविणे, हा हक्कभंग मानला जात नाही. प्रतिष्ठापना, आरती, सत्यनारायण, काकड आरती अशा प्रसंगी कोणतीही भक्तिमुद्रिका निःशंक लावावी. लग्नाची वरात आणि विवाहाशी संबंधित समारंभ यांचाही उल्लेख त्याच तरतुदीच्या स्पष्टीकरणात आहे.

ही मुभा कोठवर ताणावी, याला मात्र मर्यादा आहे. विवाहसमारंभातील संगीताविषयी गोवा शासनाने जानेवारी २०२४ मध्ये काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा येथील खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द ठरविले. त्यावरून या प्रश्नावर वाद कसे उभे राहतात, हे दिसून येते. सार्वजनिक मंडळांनी एवढे ओळखावे की मांडवातील आरती हा विधी आहे; आरतीनंतर रात्री उशिरापर्यंत चालणारा चित्रपटगीतांचा वाद्यवृंद हा विधी नव्हे. त्यासाठी परवाना काढणे हे जबाबदार कार्यकर्त्यांचे काम आहे. वर्गणीतून मखराचा आणि मांडवाचा खर्च भागतो, तसाच गीतकार-संगीतकारांचा वाटाही भागला पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. विधीच्या वेळी मुद्रिका लावणे वेगळे आणि तीच मुद्रिका चित्रफितीत मिसळून जगभर प्रसिद्ध करणे वेगळे. यूट्यूबने २००७ पासून अशी यंत्रणा बसविली आहे, जी चढविलेल्या प्रत्येक चित्रफितीतील आवाज हक्कदारांनी नोंदविलेल्या मुद्रिकांशी ताडून पाहते. यंत्राला भक्ती कळत नाही, त्याला केवळ साम्य कळते. कधी कधी मोकळ्या मुद्रिकेवरही चुकीचा दावा लागतो. तसे झाल्यास घाबरून चित्रफीत काढून टाकू नये. शब्द, चाल आणि मुद्रण यांचा तपशील देऊन दाव्याला रीतसर हरकत घेता येते.

मोकळे सूर शोधावेत कोठे?

पहिला साठा जुन्या तबकड्यांचा. भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले. तेव्हापासून साठ वर्षांत निघालेल्या तबकड्यांत नाट्यपदे, भजने, शहनाई आणि ख्याल यांचे केवढे भांडार आहे! मिरजेला ज्यांनी आपले घर केले, त्या अब्दुल करीम खाँ साहेबांचे निधन १९३७ साली झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या तबकड्या आपल्या देशात केव्हाच मुक्त झाल्या आहेत. पंडित द. वि. पलुसकर १९५५ साली अवघ्या ३४व्या वर्षी गेले. तुलसीदास, मीरा, सूरदास यांची पदे त्यांच्या निर्मळ कंठातून ऐकणे हा आजही देवघरातला सोहळा ठरतो. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांवरील मुदत २०१५ अखेर संपली. आपली चित्रफीत अशा सुरांनी सजवावी. त्यात कोणाचा अपहार नाही आणि सात्त्विकतेला उणेपणाही नाही.

येथे एक सावधगिरी हवी. कलावंताच्या निधनाचे वर्ष नव्हे, तर त्या मुद्रिकेच्या पहिल्या प्रसिद्धीचे वर्ष पाहावे. जुन्या गायनावर नवी वाद्ये चढवून काढलेली आवृत्ती मोकळी समजू नये. परदेशस्थ आप्तांनी तेथील कायदाही पाहावा. अमेरिकेत १९२३ पूर्वीच्या ध्वनिमुद्रिका १ जानेवारी २०२२ रोजी मुक्त झाल्या. त्यानंतरच्यांची मुदत तेथे आपल्याहून पुष्कळ लांब आहे. एखादी तबकडी येथे मोकळी असली तरी तिकडे ती बांधलेली असू शकते.

दुसरा साठा आंतरजालावरील खुल्या संग्रहांचा. ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे ध्वनी आढळतात. ‘विकिमीडिया कॉमन्स’ हा संग्रह मुक्त वापराला वाव देणारेच साहित्य स्वीकारतो. ‘फ्रीसाउंड’ या बार्सिलोनाच्या विद्यापीठातून २००५ साली सुरू झालेल्या संग्रहात घंटा, पाऊस, पक्ष्यांचा किलबिलाट असे सुटे ध्वनी मिळतात. मात्र कोणीतरी एखादी मुद्रिका संग्रहात चढवली, एवढ्याने ती मुक्त होत नाही. प्रत्येक ध्वनीखाली लिहिलेली अट वाचावी.

या अटींत ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ हे नाव वारंवार दिसेल. २००२ पासून प्रचारात आलेली ही परवान्यांची मालिका आहे. कलावंत आपला हक्क राखूनही इतरांना वापराची मुभा देतो. कोणी म्हणतो, केवळ माझे नाव द्या. कोणी म्हणतो, धंद्यासाठी वापरू नका. कोणी म्हणतो, माझ्या कृतीत फेरफार करू नका. कोणी सर्व हक्क सोडून ती निरपेक्षपणे समाजाला अर्पण करतो. नाव देण्याची अट असेल तर ते चित्रफितीखाली आदराने द्यावे. अभंगाच्या अखेरीस संतकवीची नाममुद्रा येते, ती आपण कधी गाळत नाही. मग आजच्या कलावंताचे नाव तरी का गाळावे?

‘रॉयल्टी-फ्री’ या शब्दानेही पुष्कळांची फसगत होते. रॉयल्टी म्हणजे स्वामित्वधन. त्यापासून मुक्त याचा अर्थ फुकट असाच होत नाही. बहुधा एकदा मूल्य भरले की वापरागणिक पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असतो. कोठे वापरता येईल आणि कोठे नाही, हेही त्या परवान्यातच लिहिलेले असते. देवस्थानांच्या विश्वस्तांनी माहितीपटासाठी असे संगीत घेताना परवान्याची प्रत दप्तरी जपून ठेवावी.

घरचा स्वर हेच उत्तम धन

इतके सांगून झाल्यावर आमच्या मते सर्वांत निर्मळ असा मार्ग उरतो, तो घरातच आहे. संतांचे शब्द, परंपरेने चालत आलेली चाल आणि आपल्याच माणसांचा कंठ: हे तिन्ही धागे जेथे आपले, तेथे कोणाची परवानगी मागायची? घंटेच्या नादावर कोणाची मालकी नसते; मालकी असते ती दुसऱ्याने केलेल्या मुद्रणावर. आपल्या देवघरातील घंटा, आपला शंख, आपल्या झांजा यांचे मुद्रण आपण करावे. भ्रमणध्वनीवर तेही चांगले उतरते. पंखा बंद करावा, यंत्र झांजांपासून चार हात दूर आणि गाणाऱ्यांच्या जवळ ठेवावे, म्हणजे शब्द झांजांच्या गजरात बुडत नाहीत.

गाणारा कीर्तनकार किंवा भजनी मंडळ बाहेरचे असेल तर त्यांची संमती आधी घ्यावी. आपल्या सादरीकरणावर गायक-वादकांचाही हक्क असतो. १९९४ च्या दुरुस्तीने तो कायद्यात आला आणि आज त्याची मुदत ५० वर्षांची आहे. मंदिरात बुवांचे कीर्तन रंगले म्हणून त्यांना न विचारता ते मुद्रित करून प्रसृत करणे हे सौजन्यालाही धरून नाही.

घरच्या मुद्रणाचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. आपल्याकडे गावागणिक आरत्यांच्या चाली बदलतात. कोकणातील ठेका निराळा, देशावरचा निराळा, गोमंतकातील घुमटावरच्या आरतीचा डौल तर सर्वस्वी निराळा. जात्यावरच्या ओव्या, गौरीची गाणी, पाळणे यांपैकी कितीतरी गोष्टी कोणत्याही कंपनीने कधी मुद्रित केलेल्या नाहीत. त्या आजींच्या कंठात आहेत आणि त्या कंठाबरोबरच संपतील. विकत मिळणारी एकच मुद्रिका घरोघरी वाजू लागली की मुले तीच चाल खरी मानतात आणि कुळात चालत आलेली चाल मुकाट्याने मावळते. हक्काच्या कुंपणाने होते त्याहून ही हानी आम्हांस मोठी वाटते, कारण कुंपण साठ वर्षांनी का होईना, उघडते. विझलेला स्वर मात्र पुन्हा पेटत नाही.

म्हणून यंदा घरातील वृद्धांना आरतीच्या वेळी पुढे बसवावे, त्यांच्या संमतीने त्यांचा स्वर टिपून घ्यावा, गाव, वर्ष आणि गाणाऱ्याचे नाव नोंदवावे. सर्वांची इच्छा असेल तर ते मुद्रण मुक्त परवान्याखाली एखाद्या खुल्या संग्रहात अर्पण करावे. संतांनी आपल्या वाणीचे मोल कधी मागितले नाही. त्यांच्याकडून शतकानुशतके घेत आलेल्या समाजाने या ठेव्यात स्वतःची एक ओंजळ घालणे, हीही एक पूजाच आहे.

बुद्धिदात्या गजाननाने सर्वांच्या कंठी सुस्वर आणि चित्ती सद्बुद्धी द्यावी, हीच या मंगल पर्वकाळी प्रार्थना.