रात्रीची शू : घाई कशाला?

दिवसा ‘शू आली’ म्हणून सांगणारं मूल रात्री अंथरूण ओलं करतं, यात त्याचा हट्ट नसतो. रात्रीचा ताबा शिकवून येत नाही. झोपेत लघवी कमी तयार करणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पुरेसं स्रवावं लागतं, मूत्राशय भरल्यावर जागही यावी लागते. पाचव्या वर्षीही साधारण १५ टक्के मुलं अंथरूण भिजवतात. आईबाबांचंही लहानपणी तसंच असेल, तर शक्यता वाढते. (आजीला विचारा, ती खरं सांगेल!)

गादीवर मेणकापड, चादर, पुन्हा मेणकापड, चादर असे थर घाला. रात्री दोनला वरचा थर ओढला की झालं. पाणी तोडू नका. रागावणं तर निव्वळ निरुपयोगी. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते बघा. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा भिजवू लागलं, लघवीला जळजळ किंवा फार तहान असली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.