टायटर उतरला म्हणजे लस संपली का?

नाइट ड्यूटी संपत आलेली असते. रक्त काढून झाल्यावर सिस्टर सुईला टोपण लावायला जाते आणि सुई तिच्या बोटात टोचते. हातमोज्याच्या आत लाल ठिपका दिसतो. ती बोट नळाखाली धरते, साबण लावते, मेट्रनला कळवते. दुपारी टायटरचा, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांच्या प्रमाणाचा, रिपोर्ट येतो: अँटी-एचबीएस ६. खाली छापलेलं असतं, १० पेक्षा कमी म्हणजे संरक्षण नाही. बारा वर्षांपूर्वी शिकताना घेतलेले हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस वाया गेले, असंच तिला वाटतं.

तिसऱ्या डोसनंतर केलेल्या तपासणीत तिचा आकडा १० च्या वर आला असेल, तर ही भीती निराधार आहे.

लशीचा परिणाम पाच-दहा वर्षांत संपतो, हा दवाखान्यातला सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज. रक्तातली प्रतिपिंडं वर्षागणिक कमी होतात, हे खरंच. पण लशीनं दिलेलं सगळंच काही रक्तात फिरत नसतं. स्मृतिपेशी शांत बसून असतात आणि विषाणू दिसला की काही दिवसांतच नवी प्रतिपिंडं तयार करू लागतात. हिपॅटायटिस बीच्या विषाणूला मात्र आजार उभा करायला दीड ते सहा महिने लागतात. एवढ्या अवधीत शरीर त्याला गाठतंच. अलास्कात १९८१ मध्ये लस घेतलेल्या लोकांची ३० वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा जवळपास निम्म्यांचा टायटर १० च्या खाली होता. त्यांना एक डोस दिल्यावर बहुतेकांचा आकडा झपाट्यानं चढला, म्हणजे स्मृती शाबूत होती. म्हणूनच निरोगी कर्मचाऱ्याला दर पाच वर्षांनी बूस्टर लागत नाही. डायलिसिसवर असलेल्यांचं किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांचं वेगळं. त्यांना दरवर्षी तपासणी हवी.

हा गैरसमज कोविडनं आणखी पक्का केला. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांना पहिली लस मिळाली आणि पुढच्याच जानेवारीत त्यांना प्रिकॉशन डोस घ्यावा लागला. पण तो विषाणू काही दिवसांतच आजारी पाडतो, शिवाय रूपं बदलतो. तिथला नियम इथे लावता येत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती उलट्या गैरसमजाची: तीन डोस झाले, आता काही बघायला नको. निरोगी प्रौढांतही शंभरातल्या पाच ते दहा जणांच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयारच होत नाहीत. वय, लठ्ठपणा, धूम्रपान यांमुळे हे प्रमाण वाढतं. इंजेक्शन दंडाऐवजी कुल्ल्यात दिलं, तरी लस नीट लागू पडत नाही. यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. म्हणून तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी टायटर करायचा असतो. तो रिपोर्ट पदवीच्या कागदांबरोबर जपून ठेवा. पुढे आकडा सहावर आला काय नि दोनवर आला काय, निरोगी माणसाला त्याची चिंता नाही. पहिल्याच वेळी १० च्या खाली आला, तर डोस पुन्हा घ्यायचे आणि पुन्हा तपासायचं.

लस घेतली म्हणून सुईला टोपण लावायची सवय मात्र चालणार नाही. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांवर लस नाही. सुई थेट पांढऱ्या डब्यातच जायला हवी.

तिन्ही डोस झालेत पण जुना रिपोर्ट हाताशी नसेल, तर सुई टोचण्याची वाट न बघता आताच तपासणी करून घ्या. आकडा १० च्या खाली आला तर एक डोस घ्या आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. हे सिस्टरइतकंच वॉर्डातल्या मावशी-मामांना आणि कचरा उचलणाऱ्यांनाही लागू आहे. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, तुम्ही सांगा. आणि रिपोर्ट नसताना सुई टोचलीच, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची, गरज असेल, तर ते शक्यतो २४ तासांच्या आत द्यावं लागतं.