दुधाची तहान तेलावर?

‘दुधाची तहान ताकावर भागवणे’ हा वाक्प्रचार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. ताक निदान दुधाचेच असते. अलीकडे मात्र दुधाची तहान तेलावर भागवण्याची सोय बाजारात झाली आहे. दुधाचा थेंबही न वापरता केलेले चीज आणि पनीर पाच-सात वर्षांपूर्वी मुंबईच्या बड्या हॉटेलांत मिळत असे. आता ते मोबाईलवर मागवता येते आणि घरपोच मिळते. दुसरीकडे पनीरसारखाच दिसणारा, पण दुधाऐवजी तेलाच्या जिवावर उभा असलेला स्वस्त माल हॉटेले, ढाबे आणि खानावळींत पोचला आहे. आणि दवाखान्यात प्रश्न येऊ लागले आहेत. ‘डॉक्टर, वनस्पतीचे चीज म्हणजे कोलेस्टेरॉल नाही ना? मग हृदयरोग्याला चालेल?’ ‘दूध पचत नाही, हे खाऊ का?’ ‘मुलाला पनीर सुरू केले आहे, ते खरे कशावरून?’ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत, कारण एकाच नावाखाली तीन निराळे पदार्थ विकले जात आहेत. ते आज नीट समजून घेऊ.

एक नाव, तीन पदार्थ

पहिला पदार्थ म्हणजे सोया पनीर, ज्याला टोफू म्हणतात. सोयाबीन भिजवून, वाटून, भरपूर उकळून त्याचे दूध काढायचे, ते फाडायचे आणि चोथा दाबून वडी करायची. कृती आपल्या पनीरचीच, फक्त म्हशीच्या जागी सोयाबीन. चीन आणि जपानमध्ये हा पदार्थ शेकडो वर्षे रोजच्या जेवणात आहे.

दुसरा पदार्थ म्हणजे पाकिटातले ‘व्हीगन’ चीज. प्राण्यांपासून मिळणारे काहीच न खाणाऱ्यांसाठी ते तयार होते. काही प्रकार काजू-बदामापासून करतात, ते महाग असतात. पुष्कळशा स्वस्त प्रकारांत मात्र मुख्यतः खोबरेल तेल, स्टार्च, मीठ, रंग आणि स्वाद असतो. पिझ्झ्यावर ते खऱ्या चीजसारखे वितळावे, एवढेच पाहिलेले असते.

तिसरा पदार्थ सर्वांत जास्त खपतो आणि त्याच्याविषयी लोकांना सर्वांत कमी माहिती असते. कायद्याच्या भाषेत त्याला ‘ॲनालॉग’ म्हणतात, म्हणजे दुधाच्या पदार्थाची नक्कल. यात दुधाची साय काढून घेतलेली भुकटी, पामतेल, ते एकजीव करणारे रसायन आणि कधी कधी स्टार्च असते. ध्यानात ठेवा, हा पदार्थ धड दुधाचाही नाही आणि धड वनस्पतीचाही नाही. ज्याने दूध वर्ज्य केले आहे त्याला तो चालत नाही, आणि ज्याला दुधाचे पोषण हवे आहे त्याला ते पुरेसे मिळत नाही.

ताटात काय पडते?

१०० ग्रॅम खऱ्या पनीरमध्ये साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ४०० ते ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शाकाहारी माणसासाठी ही मोठीच कमाई आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. प्रौढांना कॅल्शियम १००० मिलिग्रॅम हवे.

घट्ट सोया पनीरमध्ये १०० ग्रॅमला १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असतात. खऱ्या पनीरहून थोडी कमी, पण दर्जा उत्तम. त्यातील कॅल्शियम मात्र ते कशाने फाडले यावर अवलंबून असते. कॅल्शियमच्या क्षाराने फाडले तर चांगले मिळते, लिंबू किंवा व्हिनेगरने फाडले तर बरेच कमी.

खोबरेल तेल आणि स्टार्चच्या चीजमध्ये प्रथिने पुष्कळदा एक ग्रॅमही नसतात. चरबी मात्र २० ग्रॅमच्या वर जाते. खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के चरबी संपृक्त असते आणि पामतेलातील जवळजवळ निम्मी. ही संपृक्त चरबीच रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. म्हणजे पाकिटावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे लिहिलेले खरेच असते, कारण कोणत्याच वनस्पतीत ते लक्षात घेण्याजोगे नसते. पण ते खाल्ल्यावर आपले यकृत कोलेस्टेरॉल वाढवणार नाही, असे त्या पाकिटावर लिहिलेले नसते!

खरे चीजही काही साधुसंत नव्हे. त्यातही संपृक्त चरबी आणि मीठ भरपूर असते. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णाने दोन्ही बेतानेच खावीत. फरक एवढाच, की खऱ्या चीजमध्ये चरबीबरोबर प्रथिने आणि कॅल्शियमही पदरात पडते. नकलेत निव्वळ चरबी आणि स्टार्च. मधुमेही माणसाला तर हा स्टार्च चपातीच्या हिशेबातच धरावा लागतो.

जुनी गोष्ट, नवा डबा

हे सारे आपल्याला नवीन नाही. घरातल्या ज्येष्ठांना ताडाच्या हिरव्या झाडाचे चित्र असलेला पिवळा डबा आठवत असेल. १९३७ पासून डालडा बाजारात आले. तूप महाग, हे स्वस्त, आणि नाव ‘वनस्पती’. लग्नाच्या पंगतीपासून हलवायाच्या कढईपर्यंत ते सर्वत्र पोचले. द्रव तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट नावाची चरबी तयार होते आणि ती हृदयाला संपृक्त चरबीहूनही घातक असते, हे १९९० नंतरच्या संशोधनाने स्पष्ट होत गेले. आपल्याकडे तेला-तुपातील या चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी २०२२ मध्ये. ‘वनस्पती’ हा शब्द हिरवा आहे म्हणून डब्यातला माल निर्मळ होत नाही, हे शिकायला आपल्याला इतकी वर्षे लागली.

त्या काळी सरकारने एक शहाणपणाची गोष्ट मात्र केली होती. प्रत्येक वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले. त्यामुळे साजूक तुपात कोणी वनस्पती मिसळले तर प्रयोगशाळेतल्या साध्या चाचणीत गुलाबी रंग येऊन भेसळ उघडी पडे. वनस्पती तुपाला बंदी नव्हती, ते साजूक म्हणून विकायला बंदी होती. आजचा प्रश्नही नेमका हाच आहे.

दुधाला वनस्पतीचा पर्याय शोधणारेही आपल्याकडे आधी होऊन गेले. महात्मा गांधींनी गायी-म्हशींचे दूध वर्ज्य केले होते आणि १९१८ च्या मोठ्या दुखण्यानंतर ते बकरीच्या दुधावर आले. वनस्पतीतून दुधाच्या तोडीचे काही मिळावे, ही त्यांची इच्छा मात्र कायम होती. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन जेवणात घेण्याचे प्रयोग झाले आणि त्यांविषयी त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहिले. आज महाराष्ट्र हे सोयाबीन पिकवणारे देशातले एक आघाडीचे राज्य आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या शिवारात ते उभे असते. त्याचे तेल आपण खातो, पेंड मात्र बहुतांशी कोंबड्या आणि जनावरे खातात. प्रथिने पेंडीतच असतात, हा विचार करण्यासारखा भाग आहे.

कायदा काय म्हणतो?

अन्न सुरक्षा नियमांनुसार साध्या पनीरमध्ये पाण्याचा अंश ६० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, आणि पाणी वगळून उरलेल्या भागात दुधाची चरबी निदान ५० टक्के असावी. दुधाच्या जागी दुसरे तेल वापरले तर ते पनीर राहत नाही, ॲनालॉग होते. ते विकणे गुन्हा नाही, पण वेष्टनावर तसे स्पष्ट छापले पाहिजे. पनीर म्हणून विकले तर ती फसवणूक आहे. युरोपीय न्यायालयानेही २०१७ मध्ये निकाल दिला, की वनस्पतीच्या पदार्थाला दूध, लोणी किंवा चीज या नावाने विकता येणार नाही.

आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी विधानभवनात कृत्रिम पनीर आणून हा प्रश्न मांडला. त्यानंतर त्याची राज्यभर चर्चा झाली. खरी अडचण अशी, की वेष्टन पाहतो तो हॉटेलवाला, आणि खातो तो गिऱ्हाईक. पनीर मसाल्याच्या वाटीवर वेष्टन नसते.

भिवंडीत याचे गांभीर्य अधिक आहे. यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार किंवा गोदामात दिवसभर ओझी वाहणारा हमाल खानावळीत जेवतो. आठवड्यातून एकदा पनीरची भाजी मिळाली, की अंगाला काही लागले असे त्याला वाटते. हॉटेलातील ‘पनीर चिली’वर जादा पैसे मोजणाऱ्या चाकरमान्याचीही समजूत हीच असते. पैसे प्रथिनांचे मोजले आणि पोटात गेले पामतेल, तर नुकसान दुहेरी आहे. वाढत्या वयाचे मूल, गरोदर बाई आणि क्षयरोगातून उठणारा रुग्ण यांच्या बाबतीत तर हे नुकसान भरून काढायला महिने लागतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली ही गत.

कोणाला गरज आहे, कोणाला नाही?

दूध प्यायल्यावर पोट फुगते, गुरगुरते, जुलाब होतात, अशी तक्रार पुष्कळांची असते. दुधातील साखर पचवणारा पाचकरस वयाबरोबर कमी होणे हे आपल्या देशात सर्रास आढळते. पण अशा लोकांनी लगेच वनस्पतीच्या चीजमागे धावायचे कारण नाही. पनीर करताना दुधातील बरीचशी साखर पाण्यावाटे निघून जाते, मुरलेल्या चीजमध्ये ती नावालाच उरते, आणि दही-ताक तर बहुतेकांना सोसते.

दुधातील प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. ती मुख्यतः लहान मुलांत दिसते. अंगावर गांधी उठणे, उलट्या, धाप असा त्रास होतो आणि काही वेळा तो जिवावर बेततो. अशा मुलाला दूध, पनीर, चीज आणि भुकटी असलेले ॲनालॉग यांतले काहीच देऊ नये. येथे सोया पनीर कामी येऊ शकते, पण काही मुलांना सोयाचीही ॲलर्जी असते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्यावे. एक वर्षाखालील बाळाला सोया किंवा बदामाचे बाजारी दूध आईच्या दुधाऐवजी कधीही देऊ नये.

ज्यांनी धर्माने, दयेने किंवा विचाराने दूध सोडले आहे त्यांच्या निश्चयाचा आदर आहे. त्यांनी एवढेच पाहावे, की ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. ते गोळीने किंवा ब-१२ मुद्दाम घातलेल्या अन्नातून घ्यावे लागते. नाहीतर पंडुरोग होतो आणि हातापायांना मुंग्या येऊ लागतात.

सोयाबीनने पुरुषांत बायकी लक्षणे येतात, ही भीती नेहमीच्या प्रमाणात खाणाऱ्यांनी बाळगू नये. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोया यांत चार तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही.

ओळखायचे कसे?

पहिली कसोटी हिशेबाची. एक किलो पनीरला म्हशीचे साधारण पाच लिटर दूध लागते. दूध लिटरला ७० रुपये धरले तरी नुसत्या दुधाचेच ३५० रुपये होतात. मग दोनशे रुपये किलोने ‘ताजे पनीर’ मिळत असेल तर ते कशाचे, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी कसोटी आयोडिनची. पनीरचा तुकडा पाण्यात उकळून थंड करावा आणि त्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयोडिनचे दोन थेंब टाकावेत. निळा-काळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे. मात्र रंग आला नाही म्हणजे पनीर शुद्ध, असे समजू नका. पामतेल या चाचणीत सापडत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

तिसरी कसोटी वाचण्याची. पाकीट उलटे करा आणि घटकांची यादी पाहा. ज्याचे प्रमाण जास्त ते आधी छापलेले असते. पहिल्या दोन-तीन नावांत तेल आणि स्टार्च असेल तर ते काय आहे, ते उघड आहे. शेजारच्या तक्त्यात प्रथिनांचा आकडा पाहा. हिरवा ठिपका दिसला म्हणून फसू नका. तो शाकाहाराचा आहे आणि दुधाच्या पदार्थावरही असतो. दूध अजिबात नसलेल्या मान्यताप्राप्त मालासाठी २०२२ च्या नियमांप्रमाणे हिरव्या चौकटीतील इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचे वेगळे चिन्ह आहे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पनीर घरी करणे. लिटरभर दूध, एक लिंबू आणि स्वच्छ फडके, एवढेच लागते. उरलेले पाणी फेकू नका, कणीक त्यातच मळा. आणि पनीरच पाहिजे, असा हट्ट तरी कशाला? उसळ, पिठले, डाळ-भात, शेंगदाणे, चालत असेल त्याला अंडे यांतून कमी पैशात तेवढीच प्रथिने मिळतात. मटकीच्या उसळीची नक्कल अजून कोणी काढलेली नाही.

हॉटेलात गेल्यावर ‘पनीर दुधाचे की ॲनालॉग?’ असे स्पष्ट विचारा. उत्तर टाळले गेले तर दुसरी भाजी मागवा. दुकानदाराने ॲनालॉग पनीर म्हणून विकल्याचा संशय आला, तर पावती जपून ठेवा आणि ठाण्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयाकडे तक्रार करा. विचारणारी गिऱ्हाईके वाढली, की सांगणारे दुकानदारही वाढतात.