गल्ल्यातला सोळा अंकी आकडा

कोल्हापूरच्या गुजरीत गिऱ्हाईक दागिना पसंत करतं, स्वाइप मशीनमध्ये कार्ड घालतं आणि तळहाताआड पिन दाबतं. काळजी तिथंच संपली, असं दोन्ही बाजूंना वाटतं. पिनचं खरंही आहे. मशीन तो आतल्या आतच सांकेतिक करून पुढं पाठवतं. कार्डाच्या क्रमांकाची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ या दुकानसाखळीतून २०१३ साली सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. बिलाच्या संगणकात शिरलेल्या घातक प्रोग्रॅमनं, कार्ड सरकवल्यावर त्यावरचा तपशील संगणकाच्या मेमरीत क्षणभर उघडा असतो, तेवढ्यात तो टिपला होता. तिथं गिऱ्हाइकाच्या तळहाताचा काय उपयोग? म्हणून जबाबदारी गिऱ्हाइकाच्या सावधपणावर ढकलणं मला पटत नाही. दुकानदारानं हा क्रमांक आपल्या संगणकात येऊच देऊ नये. अँटिव्हायरस हवाच, पण नवा प्रोग्रॅम त्याला ओळखू येईलच असं नाही. आणि जो क्रमांक संगणकात नाहीच, तो कुठलाच प्रोग्रॅम उचलू शकत नाही.

‘आमच्या एवढ्याशा दुकानात कोण कशाला येतंय?’ हा आक्षेप ठरलेला. पण घातक प्रोग्रॅम दुकानाची पाटी वाचून शिरत नाही, आणि चोरलेले क्रमांक वापरले जातात ते भलतीकडंच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. चोरांनी बँकेच्या एटीएम स्विचच्या, म्हणजे एटीएमवरच्या मागणीला होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेच्या, जागी बनावट स्विच उभं केलं आणि पैसे मागणाऱ्या प्रत्येक नकली कार्डाला ते ‘हो’ म्हणत गेलं. २८ देशांतल्या एटीएममधून रोकड निघाली. भारतात जिथं ती काढली गेली त्या ठिकाणांत आपलं कोल्हापूरही होतं. एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. बनावट स्विच हे अर्धं काम. नकली कार्डं बनवायला आधी खऱ्या कार्डांचा तपशील लागतोच.

रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना कार्ड क्रमांक साठवायला मनाई केली. त्याऐवजी टोकन, म्हणजे क्रमांकाच्या जागी वापरायचा बदली संकेतांक, चालतो. गल्ल्यावर मात्र शिस्त दुकानदारानंच लावायची: स्वाइप मशीन बिलाच्या संगणकापासून वेगळं ठेवायचं, कार्डाचा फोटो काढायचा नाही, क्रमांक वहीत उतरवायचा नाही. माल परत आला तर पैसे कसे फिरवायचे, असं कुणी विचारेल. त्याला पावतीवरचा व्यवहार क्रमांक आणि कार्डाचे शेवटचे चार अंक पुरतात.