सावळ्या मुलीने गुलाबी खडू का उचलला?

चौथीच्या वर्गात मी मुलांना स्वतःचं चित्र काढायला सांगितलं होतं. एका सावळ्या मुलीने चेहरा फिक्या गुलाबी खडूने रंगवला. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, चेहऱ्याचा रंग हाच असतो ना?"

हे ती कुठे शिकली? रिश्ता बघताना "लड़की गोरी है क्या?" हा पहिला सवाल आपल्याच घरात होतो. मुलं ऐकत असतात.

अशा मुलांसाठी दोन चित्रपुस्तकं सांगावीशी वाटतात. दोन्ही २०१९ ची.

पहिलं 'सुल्वे'. केनियात वाढलेल्या अभिनेत्री लुपिता न्योंगो यांनी लिहिलेलं. लहानपणी आपणही गोरं होण्याची दुआ मागायचो, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. सुल्वे घरात सर्वांत सावळी. ती खोडरबरने रंग पुसू पाहते, आईचा मेकअप लावते, फिक्या रंगाचेच पदार्थ खाते. मग तिला दिवस आणि रात्र या दोन बहिणींची गोष्ट कळते. लोक नावं ठेवतात म्हणून रात्र निघून जाते, तेव्हा कुठे लोकांना तिची किंमत कळते.

दुसरं 'द प्राउडेस्ट ब्लू'. लेखिका इब्तिहाज मुहम्मद आणि एस. के. अली. इब्तिहाज यांनी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेसाठी हिजाब घालून तलवारबाजी केली आणि सांघिक कांस्यपदक मिळवलं. गोष्टीत आसिया पहिल्यांदा हिजाब घालून शाळेत जाते. कुणी चिडवतं. पण तिला अम्मीची शिकवण आठवते: टोचणारे शब्द ज्याचे त्याच्याकडे राहू द्यावेत, आपण जपून ठेवू नयेत.

एका पुस्तकात जखम शाळेतली आहे, दुसऱ्यात तर घरातल्या घरात तुलना होते. दोन्ही पुस्तकं ती जखम लपवत नाहीत, म्हणून मुलांना पटतात.

वाचून दाखवताना घाई करू नका. खोडरबरच्या पानावर थांबा आणि विचारा, "तुला कधी असं वाटलं का?" लगेच "तू तर किती छान आहेस" म्हणू नका. आधी मुलाला बोलू द्या. पुस्तकं इंग्रजीत असली तरी हरकत नाही. चित्रं समोर ठेवून आपल्या भाषेत सांगा. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या साइटवर मराठी आणि उर्दू चित्रपुस्तकं मोफत मिळतात, तीही बघा.

मात्र पुस्तक अर्धा तास चालतं, घरातली बोलणी दिवसभर चालतात. पुढच्या वेळी मुलांसमोर कुणाच्या रंगावर बोलण्याआधी तो गुलाबी खडू आठवा.