सुमित्रा भावे यांचे चित्रपट : एक हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यातील माणसाला चित्रपटाची थोरवी सांगावी लागत नाही. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 'सावकारी पाश' काढला आणि कर्जापायी जमिनीला मुकलेला शेतकरी पडद्यावर आला. त्या वाटेने पुढे कोण चालले, असे विचाराल तर आमच्या मते एक नाव निश्चित घ्यावे लागेल, ते सुमित्रा भावे यांचे. १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात त्या निवर्तल्या. माणूस गेला की चार दिवस स्तुती चालते आणि मग विसर पडतो. आम्हांस येथे स्तुती करावयाची नाही, कामाचा हिशेब मांडावयाचा आहे.

बाईंचा जन्म १९४३ चा. पुण्यातील कर्वे समाजसेवा संस्थेत त्या शिकवीत असत आणि झोपडपट्टीतील स्त्रियांच्या जीवनाचा अभ्यास करीत. आता अशा अभ्यासाचे काय होते? अहवाल तयार होतो, छापला जातो, कपाटात जातो. आणि ज्या बाईची हकीकत त्यात असते तिलाच तो वाचता येत नाही. ही गोष्ट त्यांना सलली. तेव्हा तिची हकीकत तिला दिसावी म्हणून १९८५ साली त्यांनी 'बाई' हा लघुपट केला. वय बेचाळीस, आणि चित्रपटाचे रीतसर शिक्षण नाही! आमच्यासारख्या, जे काही शिकलो ते कामावरच शिकलो अशा माणसांना या गोष्टीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. पुढचे बहुतेक चित्रपट त्यांनी सुनील सुकथनकर यांच्या जोडीने दिग्दर्शित केले.

त्यांतला 'दोघी' (१९९५) आम्ही सर्वांत वर ठेवतो. लग्नाच्या दिवशीच अपघात होतो, लग्न मोडते, मुलगी अपशकुनी ठरते. तिला मुंबईस धाडतात. तिच्या देहविक्रीच्या पैशावर खेड्यातले घर चालते. मात्र ती परत आली की त्याच घराला तिची लाज वाटते. धाकटी बहीण तेवढी तिच्या बाजूने उभी राहते. पुष्कळ जण ही कथा रूढीची म्हणून सांगतात. आम्हांस ती मजुरीची कथा वाटते. पैसा चालतो, पण पैसा मिळवणारी चालत नाही. हुपरीकरांनी हे जरा आपल्या घरी ताडून पाहावे. येथे घरोघर चांदीचे पैंजण होतात. कड्या जुळवून डाख देणाऱ्या कितीतरी बायका आहेत. त्यांच्या मजुरीवर चूल पेटते; पण नाव विचारायला गेलो तर घरातले पुरुष म्हणतात, "ती कुठली कामगार? घरात बसून जरा हात लावते." सभासद नोंदणीच्या वहीत त्या बाईचे नाव चढविताना जो त्रास पडतो, तो आम्हीच जाणतो.

'एक कप च्या' (२००९) हा मात्र आमच्या वादाचा विषय आहे. कोकणातील एका एस.टी. कंडक्टरला विजेचे अवाच्या सवा बिल येते; खेटे घालूनही कुणी दाद देत नाही. अखेर तो २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घेतो. अर्जाचे शुल्क दहा रुपये, म्हणजे चहाचेच पैसे! कायदा समजावून देणारे इतके सरळ चित्र दुसरे आम्हांस ठाऊक नाही. पण एस.टी.चा कंडक्टर म्हणजे संघटनेत मुरलेला माणूस. तो एकट्याने कसा लढतो? बाईंच्या चित्रपटांत बहुधा असेच घडते. माणसे बोलून, समजूत घालून मार्ग काढतात. मालक, मोर्चा, संप यांना तेथे फारशी जागा नाही. काही ठिकाणी पात्रे शिक्षकासारखी बोलूही लागतात. हा उणेपणा आम्ही मानतो. मात्र एकटा माणूस पहिला अर्ज लिहिण्याचे धैर्य कोठून आणतो, हे दाखविणेही सोपे नव्हे. आमच्या सभांतून ते राहून जाते.

'अस्तु' मध्ये (२०१३) स्मृती हरपलेला संस्कृत पंडित हत्तीमागे भटकत जातो आणि कानडी बोलणारी माहुताची बायको त्याला लेकरासारखी सांभाळते. आमच्या सीमाभागाच्या प्रेक्षकाला भाषांतराची गरज पडू नये. 'कासव' ला २०१७ साली सुवर्णकमळ जाहीर झाले. ते नैराश्याने ग्रासलेल्या तरुणाचे चित्र. पारितोषिक मोठे, पण लहान गावांतील चित्रपटगृहांपर्यंत असे चित्रपट क्वचितच पोचतात. धंद्याचे गणित त्यांना दोन दिवसही टिकू देत नाही.

शेवटचा 'दिठी' त्यांच्या निधनानंतर महिन्याने, मे २०२१ मध्ये, घरबसल्या पाहण्याच्या पडद्यावरच आला. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरील हे चित्र. रामजी हा लोहार. वर्षानुवर्षे वारी करणारा. पुरात त्याचा तरणा मुलगा वाहून गेला आहे. देवावर रुसून तो बसला असता शेजाऱ्याची गाय अडल्याचा निरोप येतो. गाय सोडविण्यात त्याच्याएवढा जाणता गावात कुणी नाही. पाऊस कोसळत असतो. तो उठतो, गोठ्यात जातो, आणि वासरू बाहेर येईतो त्याचे हात थांबत नाहीत. कारागिराचे हात पडद्यावर इतके नीट पाहिलेले आम्हांस दुसरीकडे आढळले नाही. ज्यांना जमेल त्यांनी तो अवश्य पाहावा, आणि घरातील कामकरी बायकांना सोबत घेऊन पाहावा.